न झालेल्या लग्नाचं येसर

परत येऊन देवरुखची दमट हवा अंगाला लागली, तरी माझे ओठ अजून फुटलेलेच आहेत. मराठवाड्यातला माघ म्हणजे काय, ते आमच्या कोकणातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. सकाळी शाल, दुपारी डोक्यावर पदर, आणि हवा अशी कोरडी की पापड घालावेत आणि चहा पिऊन होतो न होतो तोच उचलावेत. मी जन्मभर पापड आणि पिठं विकलेली बाई. तिथलं ऊन नुसतं गच्चीवर पडून वाया जाताना बघून माझा जीव हळहळला.

पण मी काही पापड वाळवायला गेले नव्हते. गेले होते एका प्रश्नापायी, आणि तो प्रश्न एका कादंबरीतला.

कादंबरीचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे येईलच. माझ्या वयाच्या बायका तशाही ओळखतील. निजामाच्या राजवटीतलं शेवटचं वर्ष. औरंगाबादेतलं एक खाऊनपिऊन सुखी घर. थोरल्या मुलीचं लग्न ठरतं आणि मोडतं, पुन्हा ठरतं, पुन्हा मोडतं, तीनदा. मोडते कोण, तर घरातली विधवा आत्या. एकदा पत्रिकेत खोट काढते, एकदा नवऱ्याकडच्यांचं सुतक पुढे करते, आणि तिसऱ्यांदा तर काय करते ते सांगतेच. धाकटा भाऊ माळ्यावरच्या फटीतून सगळं बघतो आणि मोठेपणी लिहितो. आमच्या पिढीने ही कादंबरी उशाशी घेऊन डोळे सुजवलेत. अजूनही कुणी सोयरिकीत मोडता घातला की आमच्याकडे म्हणतात, "हिच्या अंगात ती आत्या आली." त्या आत्याला कादंबरीत नावसुद्धा नाही. नुसती आत्या.

मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं वाचनालयाने शिकवलं. दर गुरुवारी आम्ही चारसहा म्हातारी माणसं तिथे बसतो, एक पुस्तक घेतो आणि त्याचा कीस पाडतो. त्यात आमचे गोगटे सर. भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले, आणि आता मोबाइलवरचे व्हिडिओ बघून जे शिकतात ते आम्हाला शिकवतात. यंदा ही कादंबरी निघाली, तर सर म्हणाले, "सुमतीबाई, ही कादंबरी नाहीच. हा नकाशा आहे."

"कसला?"

"शस्त्रांचा. लग्नाच्या मसाल्याची यादी बघा. धणे म्हणजे गोळ्या. मिरी म्हणजे छर्रे. दालचिनी म्हणजे..."

"नळ्या," मी म्हटलं.

"तुम्हालाही कळलं ना!" सर खूश.

त्यांच्या व्हिडिओवाल्याचं म्हणणं असं, की त्या शहराखालून जुन्या काळचे पाण्याचे नहर गेलेत, त्यातून बंदुका वाहिल्या. नवरामुलाचं नाव कादंबरीत कुठेच येत नाही, कारण तो कुणीतरी बडा माणूस होता आणि त्याला दडपलं. आणि आत्या? ती निजामाची हेर. रझाकारांना खबरा पुरवायची म्हणून भावाच्या घरातलं लग्न होऊ देत नव्हती. हे सगळं सर इतकं मन लावून सांगतात की ऐकताना चहा गार होतो. हसू येतं, पण मी कधी तोंडावर हसत नाही. वहिनी गेल्यापासून त्यांना तेवढाच विरंगुळा आहे.

माझा प्रश्न मात्र वेगळा होता. तिसऱ्या वेळी लग्नाचं येसर दळायचं असतं. येसर म्हणजे डाळी, गहू, बाजरी भाजून, त्यात गरम मसाला घालून केलेलं पीठ. आपलं कुळथाचं पीठ असतं ना, तसं वापरायचं. उकळत्या पाण्यात कालवलं की आमटी तयार. पण मराठवाड्यात ते लग्नाच्या मुहूर्ताचं काम. जात्याला हळकुंड बांधायचं, सवाष्णींनी ओव्या म्हणत पहिला घास घालायचा. आणि कादंबरीतली आत्या, विधवा असून, सरळ जात्याशी जाऊन बसते. पुढचं वाक्य लेखकाने एवढंच लिहिलंय: कोणी काही बोललं नाही.

वाचक म्हणतात, बघा केवढी दुष्ट, मुद्दाम अपशकुन केला. पण मी स्वतः विधवा आहे हो. माझ्या मुलाच्या मुहूर्ताला मी आपणहून मागीलदारी तुळशीला पाणी घालत उभी राहिले. कुणी जा म्हटलं नाही. म्हणावं लागतच नाही. मग त्या काळात, भरल्या लग्नघरात, आईसकट चार सवाष्णी बसलेल्या असताना एक विधवा जात्याला हात लावते आणि कोणी काही बोलत नाही? का?

"घाबरत होत्या तिला," सर म्हणाले. "हेर होती ना."

मला पटेना. बायका मरणाला घाबरतील, पण मुहूर्ताला बोट लावलेलं सोसणार नाहीत.

शहागंज

माझी भाची शुभदा तिथे राहते. जावई वाळूजला कंपनीत, शुभदा शाळेत शिकवते. मी फोनवर कादंबरीचं बोलले तर म्हणाली, "मावशी, अगं त्या लेखकांची सून मंगल माझ्याच शाळेत आहे! तिच्या मुलीचं लग्न आहे आता. ये की तू."

गेले. एक एस्टी, मग दुसरी एस्टी. त्यात सांगण्यासारखं काही नाही, गुडघे आखडले एवढंच. पाटीवर छत्रपती संभाजीनगर, रिक्षावाल्याच्या तोंडी औरंगाबाद, आणि भाडं दोन्ही नावांचं मिळून असावं असं.

पहिली गोष्ट कळली ती पाण्याची. तिथे नळाला रोज पाणी येत नाही, वार असतो. त्या दिवशी सगळी सोसायटी पाहुणेसुद्धा बाजूला ठेवते. मी पोचले नेमकी त्याच दिवशी. शुभदाने मला पाया पडून लगेच हातात नळी दिली. "मावशी, एवढी टाकी भरेपर्यंत धर गं." परसात विहीर असलेल्या माझ्यासारखीला हा नवीनच पाहुणचार. पण सांगते, त्या दिवसापासून मी भांडी विसळताना हात आखडता घेते.

दुसऱ्या दिवशी मंगल आली. पन्नाशीची, चटपटीत, पण डोळ्यांखाली काळं. लग्नाच्या येसराचा मसाला आणायला आम्ही तिघी शहागंजला गेलो. काय तो बाजार! बांगड्या, बियाणं, अत्तर, पत्र्याच्या पेट्या, सगळं एकमेकांच्या अंगावर. एका मसालेवाल्याकडे मी खोबरं हातात घेऊन वास बघितला, मोडून बघितलं, तोंड वाकडं केलं.

"अम्मा कां के हैं?" म्हाताऱ्याने मंगलला विचारलं.

"कोकन के."

"तो फिर खोबरा हमारेइच गले कायकू पडरा? घर से लाना था ना!" आणि मग माझ्याकडे बघून शुद्ध मराठीत, "घ्या आजी, तुमच्याच गावाकडचं आहे, इथं येऊन वाळलंय एवढंच." माझ्यासारखंच, म्हटलं. तो इतका हसला की दगडफूल मूठभर जास्त टाकलं.

कादंबरीतलं घर तिथून जवळच होतं. आता तिथे चपलांचं दुकान आहे. मंगल लांबूनच दाखवून पुढे निघाली. मी थांबले, तर म्हणाली, "मावशी, चला ना. कुणी बघितलं तर परत व्हिडिओवाले यायचे."

इमरती खायला बसलो तेव्हा तिने मोकळं केलं. मागच्या महिन्यात दोन तरुण घरी आले, मोबाइल काठीला लावून. म्हणे फरशी उकरू द्या, खाली नहर आहे. "तिसरा मजला आहे हो आमचा! खाली जोशींचं स्वयंपाकघर आहे." हसायला आलं तिला, पण पुरतं नाही. त्यांचा व्हिडिओ श्रेयाच्या, म्हणजे मंगलच्या मुलीच्या, होणाऱ्या सासूबाईंनी बघितला. त्यात घराण्याचं नाव, आत्या गद्दार, ह्या घरात लग्नं टिकत नाहीत, सगळं. "विहीणबाई हसत हसतच बोलल्या, काय हो, तुमच्यात लग्नं मोडायची रीत आहे म्हणे? हसत हसतच. पण मला तेव्हापासून झोप नाही. आणि इकडं आक्कांचा हट्ट."

"आक्का कोण?"

"तुम्हाला माहिती आहेत की. कादंबरीतली नवरी."

इमरतीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. म्हणजे ती मुलगी, जिच्यासाठी आम्ही उशा भिजवल्या, ती जिवंत आहे? नव्वदी ओलांडलेली, पण आहे. लेखक, म्हणजे मंगलचे सासरे, काही वर्षांपूर्वी गेले. त्यांची ही थोरली बहीण, बिनलग्नाची, जन्मभर लासूरला शेती केली, आता थकली म्हणून इथे.

"हट्ट काय त्यांचा?"

"लासूरचं जुनं जातं आणा म्हणतात. त्याच्यावरच येसर दळा. आणि पहिल्या ओवीत त्यांच्या आत्याचं नाव घ्या. त्या आत्याचं! आमच्यात लग्नघरात ते नाव कुणी काढतसुद्धा नाही, मावशी. मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला नावच माहिती नाही."

गारखेडा

मंगलच्या गारखेड्यातल्या घरी आक्का बाल्कनीत उन्हाला बसल्या होत्या. एवढासा जीव, पांढरं लुगडं, हात मात्र शेत केलेल्या बाईचे, रुंद. मी वाकले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. तुमीच म्हाताऱ्या दिसायलाव."

मी म्हटलं, "कोकणात लवकर गंजतं माणूस."

"मासे खाता ना लई? मंग?"

झालं, जमलं आमचं. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, मिरचीचा ठेचा. आमटी काळपट, दाट, पहिल्या घासाला लवंग आणि शेवटी भाजल्या बाजरीची चव. आमच्या कुळथाच्या पिठीची ही थोरली जाऊ, श्रीमंत घरात पडलेली. तीन भाकऱ्या खाल्ल्या, शुभदा बघत राहिली.

जेवणं झाली आणि मला राहवेना. कुणा प्राध्यापकासारखं विचारायला मला येत नाही. मी आपलं विचारलं, "आक्का, मी विधवा बाई. म्हणून विचारते. तुमची आत्या जात्याशी बसली तेव्हा बाकीच्या बायका गप्प का राहिल्या?"

मंगलने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाण्याचा पेला सांडलाय. आक्कांनी मात्र माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं.

"इतके लोक आले," त्या म्हणाल्या. "कुनी इचारतं नवरा कोन होता, कुनी इचारतं बंदुका कुटं पुरल्या. ह्ये कुनी नाय इचारलं." मग पदराने तोंड पुसलं. "बाई, लगीनच नव्हतं त्ये. मंग इधवेनं हात लावला तर काय बिघडलं?"

मंगल उभी होती ती खाली बसली.

मग आक्का बोलल्या, थांबत थांबत. त्या वर्षी गावोगावची तरणी पोरं निजामाची हद्द ओलांडून पलीकडे छावण्यांत जमली होती. लढायला गेलेली, पण खाणार काय? भाकरी तिकडे कुणी ना कुणी थापून देई. कालवण नव्हतं. आणि शहरात कुणी पोत्याने डाळ भाजायला लागलं की शेजारी विचारणार, रझाकारांच्या कानावर जाणार. "पर लगीनघरात भट्टी पेटली तर कोन इचारतं? जातं दिसभर वाजलं तर कोन इचारतं?" आत्याच्या डोक्यातून निघालं ते. रुखवताच्या डब्यांत येसर भरायचं, रुखवत म्हणून आगगाडीने लासूरच्या शेतावर न्यायचं, आणि तिथून कडब्याच्या गाडीत घालून हद्दीपलीकडे. मूठभर पीठ, गरम पाणी, झाली आमटी.

"मग तीनदा लग्न मोडलं ते..." मंगल म्हणाली.

"लगीन एकच ठरीवलं व्हतं. येसर तीनदा लागलं. मंग काय करावं? मोडावंच लागलं."

"आणि नवरामुलगा?" मी विचारलं. गोगटे सरांसाठी विचारलं, खोटं कशाला बोलू.

आक्कांना हसू फुटलं. दात नव्हते, हसू भरपूर होतं. "नवरदेव? लई व्हते की. समदे भुकेले."

पहिल्या दोन वेळी सगळं रीतसर केलं, सवाष्णी, हळकुंड, ओव्या, कारण शेजारणी यायच्या. तिसऱ्या वेळेपर्यंत निम्मी गल्ली शहर सोडून गेली होती. घरच्या चार सवाष्णींचे हात पुरेनात. मग आईने दाराला कडी घातली आणि आत्या जात्याशी बसली. माळ्यावर धाकटा भाऊ आहे हे कुणाला ठाऊक?

मी विचारलं, "तुम्हाला कुणी विचारलं होतं का, तुमचं नाव वापरायला?"

"आत्यानं इचारलं. बाकी कुनी नाय. म्हनली, पोरी, तीनदा मोडलेलं लगीन म्हंजी लोक तुझ्यात खोट काढत्याल. चालंल का? म्या म्हनले चालंल. मंग तिनंच लोकांत उठवलं, पोरीत काय नाय, आत्याच करंटी हाय, तीच मोडती. इहिरीवर, देवळात, समद्याइकडं आपलंच नाव आपुन खराब केलं. मपलं नाव चांगलं ऱ्हावं म्हनून." आक्कांनी लुगडं सारखं केलं. "ऱ्हायलं बी. पोलीस अॅक्शन झाली, निजाम गेला, मंग आली की स्थळं. म्याच नाय म्हनलं. तिला एकटीला सोडून कुटं जाऊ?"

मंगल पुढे सरकली. "आक्का, बाबांना का नाही सांगितलं हे? त्यांनी कादंबरी लिहिली तेव्हा तरी?"

"पयलं पुस्तक त्यानं मपल्या पायावर आनून ठिवलं. किती खूश व्हता! आत्याला वाचता येत नव्हतं. लासूरला, कंदिलापाशी, म्याच वाचून दाखिवलं तिला. तो जात्याचा भाग आला आन म्या थांबले. तर म्हनती, वाच की. वाचलं. म्हनली, पोरानं जात्याचा आवाज बराबर लिवलाय." आक्कांनी डोळे मिटले. "म्या म्हनले, त्याला सांगते आता. तर म्हनली, नगं. त्याला फटीतून जेवढं दिसलं तेवढं त्यानं लिवलं. त्याचं पुस्तक मोडू नगं. आपुन लई मोडलं."

खाली जोशींच्या कुकरची शिट्टी झाली.

"भाऊ व्हता तवर गप ऱ्हायले," आक्का म्हणाल्या. "आता तो बी नाय. मपल्यामागं तिचं नाव घेनारं कुनी नाय. येवढंच व्हतं मनात. ओवीत येकदा नाव यावं. बास."

मंगल उठली आणि आत गेली. मला वाटलं, संपलं. पण ती पर्स घेऊन बाहेर आली. "मावशी, उद्या लासूरला जाऊ. जातं कुठं पडलंय ते बघावं लागेल."

लासूर स्टेशन

जाताना दोन्ही अंगाला ज्वारी, कणसांनी वाकलेली, आणि मधूनच करडईची पिवळी फुलं. आमच्याकडे नजर झाडात अडकते. इथे ती सुटते ती सुटतेच. पहिल्यांदा मला उघड्यावर पडल्यासारखं वाटलं, मग बरं वाटलं.

शेत बघणारे ज्ञानोबा आधी बोलेचनात, कारण त्यांना वाटलं मालकीणबाई हिशेबाला आल्या. जातं म्हटल्यावर उठले. जात्याची वरची तळी, म्हणजे वरचा दगड, विहिरीपाशी सापडली. त्यावर ज्ञानोबांच्या घरचे कपडे धुतात. खालची काही मिळेना. शेवटी शेळ्यांच्या गोठ्यात सापडली, वर पाण्याची बादली, आणि बादलीपाशी एक काळी शेळी ठाण मांडून. मंगलने ओढलं, मी ढकललं, शुभदाने पाला दाखवला. शेळी हलेना.

ज्ञानोबा म्हणाले, "तिला बी लग्नाची पत्रिका लागंल."

मग हुरडा झाला. मी जन्मात पहिल्यांदा खाल्ला. शेणीच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, कणसं खुपसायची, हातावर चोळायची, फुंकर मारायची, आणि कोवळे, गोडूस दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. ज्ञानोबांच्या बायकोने चोळून माझ्या पदरात घातला, माझ्या हाताला चटके बसत होते म्हणून. खाता खाता तिनेच सांगितलं की तिच्या सासऱ्यांकडे त्या वेळी कडब्याची गाडी होती, आणि आक्कांच्या आत्यांच्या हातची आमटी खूप झणझणीत असायची असं ते सांगत. तेवढंच तिला माहीत होतं. मीही पुढे विचारलं नाही.

परतीला जात्याच्या भाराने म्हणा की काय, गाडीचं चाक बसलं. चाक बदलायला जातं उतरवावं लागलं. आम्ही तिघी रस्त्याकडेला जात्यावर बसून उरलेला हुरडा खात होतो. वाळूजची शिफ्ट सुटून गावाकडे निघालेली पोरं मोटारसायकलवरून जात होती. एक ओरडला, "मावशी, जातं इकायचं का?"

मंगल ओरडली, "लग्नाचं आहे!"

"कुनाचं?"

"माझ्या पोरीचं!" आणि ती रडायला लागली. हसताहसताच. नंतर म्हणाली, "मावशी, विहीणबाई येणार आहेत येसराला. मीच बोलावलंय. त्यांच्यासमोर ते नाव घेतलं आणि उद्या त्यांनी नाही म्हटलं तर?"

मी काय सांगणार? मी पापड विकणारी. म्हटलं, "तसं झालं तर झालं. पण लपवून केलंस तर श्रेया तिथे जन्मभर फटीतून बघत राहील."

येसर

जात्याला पाथरवटाकडून टाकी लावून, नव्याने खाचा पाडून घेतल्या. हॉलमध्ये सोफा सरकवून गोणपाटावर मांडलं, हळकुंड बांधलं, आंब्याची पानं खोवली. डाळ भाजल्याचा वास जिन्यापर्यंत होता. जोशीवहिनी वास काढतच वर आल्या. शेजारणी, मंगलच्या जावा, आणि भरजरी साडीत, पाठ ताठ करून विहीणबाई. मी सवयीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, हातात चाळणी घेऊन. काहीतरी हातात असलं की उभं राहणं सोपं जातं.

श्रेयाने आक्कांना धरून आणलं. मंगल सगळ्यांसमोर म्हणाली, "पहिला घास आक्का घालतील."

कुजबुज झाली. विहीणबाईंनी मान वळवली. "ह्याच का त्या? पुस्तकातल्या?"

"व्हय," आक्का म्हणाल्या. "तीनदा मोडलेलं लगीन मपलंच." आणि खाली बसल्या. खुंटा धरला. दुसऱ्या बाजूला जागा रिकामी होती. ते जातं दोघींनी ओढायचं. आक्कांनी मान वर करून मला शोधलं. "कोकनवाल्या बाई, तिकडं काय करायलाव? या."

माझे पाय उचलेनात. खरं सांगते. इतकी वर्षं मागीलदारी उभे राहिलेले पाय ते. आणि मी कुणाच्या शुभकार्यात विघ्न आणायला आले होते का? मी मान हलवली. तेव्हा मंगलने येऊन माझ्या हातातली चाळणी काढून घेतली, दंडाला धरलं आणि मला बसवलं. मी खुंट्याला हात लावला. दगड गार होता, मग फिरायला लागला, आणि ती जुनी घरघर सुरू झाली. आक्कांचा आवाज बारीक, पण सूर पक्का:

"पहिली माझी ओवी, गोदाआत्याच्या नावाला
शिदोरी पोचविली, हद्दीपल्याड गावाला."

गोदा. इतक्या वर्षांनी नाव कळलं. मी जातं ओढत होते आणि मला पुढचं दिसत नव्हतं.

कोणी काही बोललं नाही.

जातं फिरत राहिलं. एका जावेने सुपातलं धान्य हलवलं, जोशीवहिनींनी पदर खोचला, आणि तरी कोणी काही बोललं नाही. मी खाली मान घालून पिठाकडे बघत होते. तेवढ्यात एक भरजरी पदर माझ्याशेजारी टेकला, बांगड्यांनी भरलेला हात पुढे आला, आणि विहीणबाईंनी जात्याभोवतीचं पीठ चिमटीत घेऊन चोळून बघितलं.

"मावशी," त्या मला म्हणाल्या, "घास जरा लहान घाला. जाड निघायलंय."

आणि मग मंगलकडे वळून, "तुमच्या त्या आत्या लवंग किती घालायच्या, विचारा ना आक्कांना. आमच्याकडं फार कमी घालतात."

लग्न झालं, थाटात झालं. येताना आक्कांनी मला येसराचा डबा दिला आणि बजावलं, लिहा, पण पुस्तकाचं नाव नका लिहू, माझ्या भावाचं पुस्तक आहे. गुरुवारी मी आमटी करून वाचनालयात नेली. गोगटे सरांनी दोनदा घेतली, सगळं ऐकलं, आणि वाटी खाली ठेवली.

"म्हणजे सुमतीबाई," ते म्हणाले, "नकाशा नव्हताच."

"नव्हता."

"आणि धणे?"

"धणेच होते, सर."

त्यांनी वाटी पुढे केली. मी वाढली.